आबांची सायकल आणि माझी स्प्रिंग

आबा वारल्यानंतर नऊ महिन्यांनी त्यांची सायकल रोज संध्याकाळी साडेसहाला आपोआप फिरू लागली, आणि तिला सर्वांत जास्त घाबरलो तो मी, म्हणजे बावीस वर्षं कारखान्यात यंत्रं दुरुस्त करणारा फिटर.

आबा, माझे वडील, वाशीच्या मार्केटात माथाडी. जुईनगरहून रोज सायकलवर जायचे. सायकलला मला हात लावू देत नसत (कारण त्यांनी माझी इतर कामं पाहिली होती). ते गेल्यावर मी तिच्यावरून शिरवण्याच्या कारखान्यात कामावर जाऊ लागलो आणि तिच्यात सुधारणा केली. मागच्या चाकाला घड्याळासारखी मोठी स्प्रिंग बसवली. ब्रेक दाबला की तिला चावी बसावी आणि वाटेतल्या पुलाच्या चढावर खटका दाबला की तिने सायकल ढकलावी. पुलावर तीनदा खटका दाबला. काही झालं नाही. शोध फसला असं समजून स्प्रिंग तशीच राहू दिली.

सोमवारी सहाला घरी आलो, सायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये पंपाच्या खोलीला लागून स्टँडवर लावली. अर्ध्या तासाने वॉचमन बोलवायला आला. आई आणि मी खाली गेलो.

पार्किंगमध्ये अंधारून आलं होतं. पॅडल स्थिर, मागचं चाक मात्र गरागरा फिरत होतं. डायनामोवर दिवा लागला होता आणि त्याचा पिवळा उजेड भिंतीवर श्वास घेतल्यासारखा कमीजास्त होत होता. आसपास कोणी नव्हतं. मग चाक मंदावलं, उजेड तांबूस झाला, विझला.

आई हळूच म्हणाली, "मार्केटवरनं यायची त्यांची हीच वेळ."

मंगळवारीही तेच. बुधवारी लोक चपला काढून उभे राहिले. आई खुर्ची टाकून दोन कप चहा घेऊन बसू लागली. (दुसरा शेवटी मलाच प्यावा लागे, गार.)

गुरुवारी माझा धीर सुटला. सगळ्यांसमोर हात जोडून म्हणालो, "आबा, तुमच्या सायकलला हात लावला, चुकलो. माफ केलं असेल तर चाक थांबवा."

चाक थांबलं.

दोन बायका रडल्या. तिसरा मी.

शुक्रवारी वीज गेली. साडेसहा वाजले, चाक हललं नाही. सातला वीज आली, सेक्रेटरी पाटीलकाकांनी रोज साडेसहाला लावायचा पाण्याचा पंप सुरू केला, भिंत थरथरली आणि चाक सुटलं. काका एकदा भिंतीकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले.

"आरं, पंप नि तुजा बाप एकाच बटनावर कसं येतात?"

तेव्हा उमगलं. अडकलेला खटका माझ्या हाताने नाही, पंपाच्या हादऱ्याने सुटत होता, आणि स्प्रिंगला चावी देऊन रोज मीच आणत होतो.

वर जाऊन आईची माफी मागितली. ती म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी कळलं. दिव्यानं सायकल जड होते म्हणून त्यांनी जन्मात दिवा लावला नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तू रोज संध्याकाळी माझ्यापाशी बसत होतास."

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: पार्किंगमध्ये भूत नाही. रहिवाशांनी तिसऱ्या मजल्यावरील फिटरपासून आपली वाहने जपावीत.