धरमकाट्याचा कंपाउंडर

आमच्या जिनिंगमधला कंपाउंडर माणसांवर विश्वास ठेवायचा, पेन ड्राइव्हवर नाही. माणूस दारुडा असो, भांडखोर असो, एखाद्या खुनातून सुटून आलेला असो, कंपाउंडर त्याला खुर्ची देणार, चहा पाजणार. पण त्याच माणसाने खिशातून पेन ड्राइव्ह काढली की कंपाउंडरच्या कपाळावरची शीर अशी तट्ट फुगे, की तिला कापसाची गाठ टांगली असती तरी ती पडली नसती. मग चौकशी सुरू. ही कुठून आली, आधी कोणाच्या घरी होती, वाटेत कोणाकोणाच्या मशीनला लागली. मुलगी पाहायला आलेला वरपक्षही इतकं खोदून विचारत नाही. आणि सगळी उत्तरं मनासारखी मिळाली की तो म्हणायचा, "चांगल्या खानदानातली दिसते. पन आत नाही जानार."

खरं नाव मुकुंदराव. खामगावहून पिंपळगाव राजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना. तिथे तो ऑफिसात कारकून आणि मी धरमकाट्यावर. धरमकाटा म्हणजे गाडीसकट कापूस तोलणारा काटा. त्याची तार ऑफिसातल्या एका जुनाट कॉम्प्युटरला जोडलेली होती. गाडी काट्यावर चढली की आकडा पडद्यावर उमटायचा आणि पावती बाहेर यायची. या कॉम्प्युटरला इंटरनेट लावायचं नाही, असा मोठ्या शेठचा हुकूम होता. नेट लागलं की आपला भाव तारेतून वाहत जाऊन समोरच्या जिनिंगच्या अंगणात सांडतो, अशी त्यांची पक्की समजूत. त्यामुळे आत बसवलेल्या अँटिव्हायरसचे हाल कुत्रं खाईना. बाकीच्या जगात त्याला रोजचं औषध हवेतून मिळतं. आमचा बिचारा कोपऱ्यात लाल तोंड करून बसायचा, की मी जुना झालो, मला नवं काही द्या. ते नवं औषध माणसाच्या हातून आणणं भाग होतं. म्हणून मुकुंदरावचा कंपाउंडर झाला.

दर सोमवारी सकाळी तो उपाशीपोटी निघायचा. अपडेट उपाशीपोटी लागू पडतं, असं त्याचं मत; कोणाच्या पोटाचा संबंध हे त्याने कधी सांगितलं नाही. एसटी स्टँडजवळच्या नेट कॅफेत एका ठरलेल्या मशीनवर बसून तो अपडेटची फाइल उतरवून घ्यायचा. ती पेन ड्राइव्ह चष्म्याच्या डबीत, सरकीतून नुकत्याच निघालेल्या कापसात गुंडाळून, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून आणायचा. वाटेत कोणी रामराम घातला तरी थांबायचा नाही. एकदा त्याचा सख्खा साडू भर बाजारात आडवा आला, तर कंपाउंडर त्याला हातानेच बाजूला सारून म्हणाला, "सरक, औषध गरम होऊन राह्यलं." साडू पुढची कित्येक वर्षं त्याच्याशी बोलला नाही. कंपाउंडरला ते अजिबात महाग वाटलं नाही.

ऑफिसात आल्यावरही थेट टोचणी नव्हती. त्या कॉम्प्युटरमधला सेल मेलेला होता, त्यामुळे तो बंद करून चालू केला की दर वेळी आपण फार जुन्या काळात आहोत असं समजायचा. त्या अवस्थेत अपडेट दिलं तर घ्यायलाच तयार नसायचा. त्याच्या मते हे औषध अजून तयारच झालेलं नव्हतं. म्हणून आधी तारीख दुरुस्त करायची. याला कंपाउंडर म्हणायचा, पेशंटले शुद्धीवर आनने. मग आम्हा सगळ्यांना लांब उभं करून, नाकाला रुमाल बांधून तो पेन ड्राइव्ह लावायचा. रुमाल कशाला, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "मह्यासाठी नाही बे. मशीनसाठी."

त्याला सगळं कळत होतं, असं मुळीच नाही. पावसाळ्यात व्हायरसची पैदास वाढते म्हणून तो मशीनजवळ कडुनिंबाचा पाला ठेवायचा. पंखा लागू द्यायचा नाही. भारी व्हायरसांची नावं मात्र अशी पाठ, की ऐकणाऱ्याला वाटावं, दोघं एकाच आळीत लहानाचे मोठे झाले. गर्वही भरपूर. शेजारच्या शाळेचं आणि एका पतसंस्थेचं मशीनही तो फुकट टोचायचा, आणि जाताना अशा आवाजात सूचना देऊन जायचा, की तिथले लोक दोन दिवस मशीनशी हळू बोलत.

मग पुण्याहून शिकून छोटे शेठ आले. ते गॉगल लावून कापूस बघायचे, त्यामुळे त्यांना सगळा कापूस एकाच प्रतीचा दिसायचा. त्यांनी हा सोमवारचा सोहळा पाहिला आणि खुर्चीतून पडेपर्यंत हसले. म्हणाले, ज्याला नेटच नाही त्याला व्हायरस कसा होणार, मुकुंदराव? कंपाउंडरने रुमाल सोडून शांतपणे उत्तर दिलं, "खाटेवरच्या म्हाताऱ्याले डेंगू होते, छोटे शेठ. तो काय गावभर हिंडते? मच्छर येते त्याच्यापाशी." ऑफिस हसलं, आणि हसू या वेळी दुसऱ्या बाजूला गेलं. ते छोटे शेठ विसरले नाहीत.

त्या दिवाळीनंतर एक नवल घडलं. ज्या कॉम्प्युटरला बाहेरचं वारं माहीत नव्हतं, तो संध्याकाळी गाणी म्हणू लागला. तीही ताजी, लग्नाच्या वरातीतली. कंपाउंडर पाचच्या बसने घरी गेला की छोटे शेठ त्या खुर्चीत बसायचे आणि मशीन गायचं. आता ही गाणी गारपिटीत पडली, की सरकीतून निघाली, हे देवालाच ठाऊक.

आणि ऐन हंगामात, एका सोमवारी दुपारी, मशीन गेलं. गेलं म्हणजे असं गेलं, की गाडी काट्यावर चढली तर पडद्यावर आकड्यांऐवजी किडे-मुंग्या. जुनी सगळी वजनं उघडून पाहिली, तिथेही तेच. बाहेर गाड्यांची रांग लागली ती म्हणे जलंबच्या रेल्वे फाटकापर्यंत. मी काट्यावर होतो, मला तर ती नागपूरपर्यंत दिसत होती. तोलून आत घेतलेल्या कापसाचं वजन कोणालाच सांगता येईना. लोक ओरडत होते, आणि अशा वेळी मालकाला मशीन दुरुस्त करणारा नंतर लागतो, आधी एक माणूस लागतो.

आमच्या जिनिंगची एक रीत होती. काही हरवलं, काही बिघडलं, की मोठे शेठ देव्हाऱ्यातलं कुलदेवीच्या अंगाऱ्याचं ताट काढायचे. एकेकाने पुढे यायचं, अंगाऱ्यात बोट बुडवायचं, माझ्या हातून झालं नाही असं म्हणायचं आणि बोट कपाळाला लावायचं. त्या दिवशीही ताट निघालं. हमाल आले, फिटर आला, मी गेलो. छोटे शेठांनी तर एवढा अंगारा फासला, की नुकतेच समाधीतून उठल्यासारखे दिसायला लागले. मी कोपऱ्यातून विचारलं, मग या मशीनमध्ये गाणी कुठून आली? मोठ्या शेठनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तू काट्यावर जाय," एवढंच म्हणाले. मी दारापर्यंत गेलो आणि तिथेच उभा राहिलो.

शेवटी राहिला कंपाउंडर. शेठ त्याला म्हणाले, "मुकुंदराव, बोट लावा अन् मोकळे व्हा."

कंपाउंडरने ताटाकडे पाहिलं. हात मागेच ठेवले. "शेठ, मले वाटते व्हायरस मह्यातून नाही आला. पन वाटते म्हनजे माहीत आहे, असं नाही. आज कॅफेतलं नेहमीचं मशीन बंद होतं. मी शेजारच्या मशीनवर उतरवलं."

कोणी विचारलं नव्हतं हे त्याला. त्या शेजारच्या मशीनबद्दल जगात दुसऱ्या कोणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. फिटर त्याच्या पाठीला चिमटा काढत होता, की लाव बाबा बोट. पण ज्याने आयुष्यभर लोकांच्या पेन ड्राइव्हला अमुक ठिकाणी गेली होती का, असं विचारलं, त्याला आपल्या पेन ड्राइव्हची हकिकत दाबता आली नाही.

"आपल्याच तोंडानं कबूल झाला," छोटे शेठ म्हणाले.

मोठे शेठ काही भोळे नव्हते. जन्मभर तोलण्याचा धंदा केलेला माणूस. एका पारड्यात पोरगा आणि दुसऱ्यात कारकून टाकला तर काटा कुठे झुकतो, हे कळायला त्यांना कॉम्प्युटर लागत नव्हता. कंपाउंडरला त्याच संध्याकाळी सुटी मिळाली, कायमची.

खामगावात बातमी कापसाच्या आगीसारखी पसरते. औषध देणाराच रोग घेऊन येतो, हे लोकांना इतकं आवडलं, की चहाच्या टपरीवर ते महिनाभर पुरलं. शाळेने त्याला दारातून परत पाठवलं. पतसंस्थेने नमस्कार केला आणि मशीनवर कपडा टाकला. साडूही बोलायला लागला, पण फक्त याच विषयावर. काही दिवसांनी कंपाउंडरने बिऱ्हाड हलवलं आणि तो धाकट्या भावाकडे रोहिणखेडला जाऊन राहिला.

पुढे अकोल्याचा इंजिनिअर आला. त्याने मशीन उघडून सांगितलं, की गाण्यांच्या फोल्डरमध्ये व्हायरस बसलेला आहे, आणि कोणीतरी संध्याकाळी तेवढ्यापुरता अँटिव्हायरस बंद करत होतं. गाणी वाजू देत नसेल म्हणून. मोठ्या शेठनी ऐकलं आणि चहा सांगितला. दुसऱ्या दिवशी नवं मशीन आलं, त्याला नेटही लागलं. मी मोटारसायकल काढली ती थेट रोहिणखेड. वाटेत मनात नुसता ढोल वाजत होता. कंपाउंडर ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होता. मी दम न घेता सगळं सांगितलं.

तो शेंग सोलतच राहिला. "म्हनजे गान्यातूनबी आला."

"गान्यातूनच आला, लेका."

"मह्यातून नाही आला, असं म्हनला का तो इंजिनेर?"

मी म्हणालो, तसं काही तो म्हणाला नाही, त्याला कोणी विचारलंही नाही.

"मंग," कंपाउंडर म्हणाला, आणि मला मूठभर दाणे दिले.

मी त्याला शिव्या दिल्या, भरपूर दिल्या. एवढा कोरा करकरीत निर्दोष माणूस साऱ्या जिल्ह्यात नाही, हेही सांगितलं. तो हसला, आत चहा टाकायला सांगितला, आणि विषय तुरीवर नेला. गेल्या हिवाळ्यात तो तिथेच वारला. आमच्या जिनिंगमधून मी एकटा गेलो. बाकीच्यांना हंगाम होता.

अंगाऱ्याचं ताट अजून निघतं. मोटारीचा पट्टा गेला तेव्हा निघालं, डिझेल कमी भरलं तेव्हा निघालं. आम्ही सगळे रांगेत उभे राहतो, बोट बुडवतो, कपाळाला लावतो आणि कामाला लागतो. त्यानंतर आजपर्यंत एकही माणूस त्या ताटापुढे अडखळलेला नाही. आमच्या जिनिंगइतकी निष्पाप माणसं एका छपराखाली तुम्हाला दुसरीकडे कुठे सापडायची नाहीत.