दुपट्ट्याखालचं लायसन

मोटारसायकलच्या परीक्षेत मी नापास झालो, तो गाडी चालवताना नाही. गाडी चालवून झाल्यावर, दोन्ही पाय जमिनीवर असताना झालो!

हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या रिठदमध्ये या गोष्टीच्या सतरा तऱ्हा फिरतात. एकीत मी साहेबाच्या अंगावर गाडी घातली. दुसरीत साहेबाने मला लिंबाच्या झाडाला बांधलं. (ही दुसरी ज्याने पसरवली त्याला मी पुढे एक बैल विकला. तो बैल एकदा खाली बसला की चार माणसं लावल्याशिवाय उठायचा नाही. असो.)

मी हेडी. म्हणजे बैलांचा व्यापारी. या बाजारात घ्यायचा, त्या बाजारात विकायचा. बाप गेला तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. त्याने मागे दोन गोष्टी ठेवल्या: एक कासरा आणि सहा वर्षांचा माझा धाकटा भाऊ श्रावण. कासरा कुजका निघाला. श्रावणला मी खांद्यावर घेऊन बाजार फिरलो. रिसोड, मेहकर, वाशिम, सगळं पायी. पुढे दोन बैल, मागे मी, आणि माझ्या डोक्यावर ताल धरत हा.

बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी बैल मातीमोल विकले. पुढच्या साली पाऊस पडला आणि मग त्याच लोकांना औताला बैल सापडेना! माझ्याकडे होते. दोन हंगामांत चार पैसे झाले आणि मी ठरवलं, आता पायी चालणं बास.

रिसोडला एक कंत्राटदार तांबड्या रंगाची जुनी मोटारसायकल विकत होता. आम्ही दोघं भाऊ पाहायला गेलो. मला मोटारसायकलमधलं काही कळत नव्हतं, पण विकणाऱ्यातलं सगळं कळत होतं. मी गाडीभोवती तीन चकरा मारल्या, मागच्या चाकावर थाप मारली, वाकून पोटाखाली पाहिलं आणि मान हलवली.

"शिंग वाकडं आहे," मी म्हणालो.

"शिंग?" कंत्राटदार चमकला.

"हँडल म्हन्ते दादा," श्रावणने तोंड दाबून सांगितलं.

"अन् बसून राह्यली वाटते लई दिवस. पाय आखडले असतीन तिचे."

तासाभराने कंत्राटदाराने घाम पुसला आणि माझ्या भावात गाडी दिली. वरून हवा भरायचा पंप दिला. मी जिंकलो होतो. फक्त ती चालवत घरी न्यायला दोघांनाही येत नव्हतं. मग ढकलत आणली. रिसोड ते रिठद! वाटेत लोक विचारत, "बिघडली काय?" श्रावण सांगे, "नाई जी, नवी हाय!"

त्याच रात्री जेवताना मी नियम घातला. "गाडी दोघायची. पन लायसन ज्याचं, हँडल त्याच्या हाती. दुसरा मागं बसन. नंतर कटकट नाई पायजे."

"दोघायले भेटलं तं?" श्रावणने विचारलं.

"तं मोठा पुढं."

"अन् मलेच भेटलं तं?"

मी इतका हसलो की पाण्याचा ठसका लागला. नियम घालताना माणसाने आपण हरू शकतो हे धरून चालावं. हे मी बाजारात रोज करत होतो. घरात केलं नाही.

शिकवायला हबीबभाई ठरले. ते सरकी वाहणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर होते. दोघांना शिकवायचं म्हणून त्यांनी दोघांची फी मागितली. मी बसलो की सौद्याला!

"हबीबभाई, गाडी एक. सीटवर मानूस एक. फी एकाची."

"अरे किसनभाऊ, पर सीखेंगे तो दोनों?"

"एक शिकन. दुसरा निस्ता पाहीन. पाह्याचे पैसे असते काय?"

हबीबभाई हसले आणि कबूल झाले. थोरला म्हणून सीटवर अर्थातच मी. श्रावण खळ्याच्या कडेला दगडावर बसून निस्ता पाहायचा. (आता वाचणाऱ्याला पुढचं कळलं असेल. मला कळायला दीड महिना लागला.)

माझी अडचण हातांची होती. वीस वर्षं या हातांनी बैल आवरले होते. बैल उधळला की कासरा मागे ओढायचा आणि "हो, हो, हो!" म्हणायचं. बैल थांबतो. मोटारसायकल जोरात निघाली की माझे हात आपोआप हँडल मागे ओढायचे. आता या हँडलची उजवी मूठ मागे ओढली की ती पिळली जाते, आणि पिळली की गाडी आणखी पळते! मी "हो, हो!" ओरडतोय, जीव खाऊन ओढतोय, आणि जितकं ओढतोय तितकी ती चेकाळतेय! पहिल्या दिवशी मी कडब्याच्या गंजीत शिरलो. दुसऱ्या दिवशी गंजीतून आरपार गेलो आणि माझ्या बायकोने वाळत घातलेल्या सांडग्यांवर उतरलो.

ती सूप हातात घेऊन आली. सांडगे पाहिले, गाडी पाहिली, शेवटी मला पाहिलं.

"लागलं काय कुठी?"

"नाई."

"मंग सांडगे येचा."

हबीबभाई कपाळ धरून बसत. "किसनभाऊ, ब्रेक पाँव में है, मुंह में नहीं!" आणि श्रावण दगडावर पोट धरून हसे. त्याचं हसणं तसं लहानपणापासूनचंच. एकदा सुरू झालं की आवाज बंद होई, डोळ्यांतून पाणी येई आणि तो खाली बसे. खांद्यावर असायचा तेव्हा हसू लागला की मला त्याला खाली उतरवावं लागे, नाहीतर दोघंही पडलो असतो.

एका संध्याकाळी मी रागाने गाडी सोडून निघून आलो. मागे वळून पाहतो तर श्रावण गाडीवर! खळ्याला एक गोल चक्कर मारून त्याने ती हबीबभाईंच्या पायाशी अशी उभी केली, जशी गरीब गाय.

"कवा शिकला रे?" मी ओरडलो.

"पाहून पाहून, दादा! तूच म्हनला होता, पाह्याचे पैसे नसते!"

परीक्षा वाशिमला. लायसनचे साहेब अकोल्याहून महिन्यातून एकदा येत आणि मोकळ्या मैदानात परीक्षा घेत. त्या दिवशी मी नवं धोतर नेसलो, टोपी घातली, खांद्यावर दुपट्टा टाकला. श्रावण पँट घालून आला. हबीबभाई गाडी चालवत होते, मागे आम्ही दोघं. मी सारखा श्रावणला बजावत होतो, "साहेबापुढं दात काढू नको."

साहेब तरुण होते, चष्मा होता आणि दुर्दैवाने प्रामाणिक होते. मैदानात विटा मांडून त्यांनी आठचा आकडा केला होता. पाय टेकला की नापास. थोरला म्हणून आधी मी.

आणि सांगतो, अजूनही अभिमानाने सांगतो, मी आठ काढला! धोतर खोचून, दात आवळून, गाडीला हळू आवाजात "हो, हो, शाने" म्हणत मी त्या विटांमधून गेलो आणि पाय टेकला नाही. हाताच्या खुणाही बरोबर केल्या. साहेबांच्या पुढ्यात गाडी उभी केली आणि उतरलो. हबीबभाईंनी लांबून दोन्ही हात वर केले.

"ठीक आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी उजवा हात पुढे केला. त्यांना माझं शिकाऊ लायसन पाहायचं होतं.

आता बैलबाजाराची एक रीत सांगितली पाहिजे. बैलाचा भाव आम्ही तोंडाने बोलत नाही, चार लोक ऐकतात. समोरच्याने हात पुढे केला की आपण त्यावर दुपट्टा टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबून आकडा ठरवायचा. वीस वर्षं कोणी माझ्यापुढे उजवा हात केला तो एवढ्यासाठीच. मी आनंदात होतो, डोकं जागेवर नव्हतं. हात मात्र जागेवर होते! दुपट्टा खांद्यावरून सुटला, साहेबांच्या हातावर पडला, आणि मला कळायच्या आत मी साहेबांची दोन बोटं दाबली.

साहेबांनी विंचू चावल्यासारखा हात ओढला.

"हे काय? लाच देतोस?"

"नाई साहेब! हात आपोआप गेला!"

"किती देत होतास? बोल! सगळ्यांसमोर बोल!"

आणि मी, बाजारात कधी खोटा आकडा न सांगितलेला माणूस, घाबरून खरं तेच बोललो.

"साहेब, आकडा तं अजून ठरलाच नोता!"

सगळं मैदान हसलं. चहावाला हसला, हबीबभाई हसले, रांगेतले पंधरावीस लोक हसले. त्याचं मला काही नाही. साहेबांनी श्रावणला बोट दाखवून विचारलं, "तू याचा भाऊ ना? खरं सांग. पैसे देत होता का हा?"

एका वाक्याचं काम होतं. 'साहेब, आमी हेडी हाओ, सवय हाय.' एवढं म्हणाला असता तर माझा कागद झाला असता. श्रावणने तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं. आणि तो आवाज न करता हसू लागला. डोळ्यांतून पाणी. खाली बसला. साहेब विचारतायत, हा हात हलवतोय, आणि याच्या तोंडून शब्द निघत नाही!

साहेबांनी माझ्या अर्जावर लाल रेघ मारली. मग श्रावणने आठ काढला. पास.

मैदानाबाहेर तो गाडी घेऊन आला. डोळे अजून ओले होते. "दादा, मी साहेबाले सांगनारच होतो..."

"कायले हासला तू?"

"आता हासू आलं तं काय करू? बस ना मागं."

"मी मागं? जिंदगीभर तू माह्या खांद्यावर बसला अन् आता मी तुह्या मागं बसू?"

मी वाशिमहून रिठदला चालत आलो. श्रावणने हबीबभाईंना एसटीत बसवून दिलं आणि तो माझ्या मागे मागे पहिल्या गियरवर गाडी चालवत आला. मी थांबलो की तो थांबे. गावात शिरताना गाडीतून धूर निघत होता, आणि माझ्यातूनही. दुसऱ्या दिवशी मी वाटणी मागितली. नियमाप्रमाणे गाडी त्याला दिली, वर पंपही फेकला. बायको म्हणाली, "हासन्यावरून घर तोडते काय कोनी?" मी म्हणालो, "तू गप ऱ्हाय." लाच देणारा म्हणून बाजारात माझं नाव झालं होतं ते हिला कुठे ऐकावं लागत होतं!

त्या साली पोळ्याला श्रावण आपली सजवलेली जोडी घेऊन माझ्या दारात उभा राहिला. "दादा, बैलायले ओवाळते काय वहिनी?" वहिनीने ओवाळलं. मी घरात बसून राहिलो.

पुढच्या साली तो गाडी घेऊन आला. "चाल, पोहरादेवीले जाऊन येऊ. तू पुढं बस, मी मागं बसतो. लायसन कोन पाहाते तिकडं?" मला हँडल धरायची इतकी इच्छा झाली की मी हात बगलेत दाबून ठेवले. म्हणालो, "काम हाय."

त्यानंतर दोन वर्षांनी, माघ महिन्यात, तो पायी आला. थकलेला वाटला, पिवळा. ओट्यावर बसला.

"इकून टाकली, दादा."

"काय?"

"गाडी. भांडनाचं मूळच नाई ठेवलं."

एक 'काम हाय' सोडलं तर तीन वर्षांत मी त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होतो. "केवढ्याले?"

त्याने आकडा सांगितला. मी उभाच राहिलो! "येड्या, एवढ्यात निस्ते टायर येते! मले नाई इचारता येत? कोन्या गाढवाले देली?"

श्रावण माझ्याकडे पाहत राहिला आणि हसू लागला. तसाच, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी. मला वाटलं, परत माझ्यावर हसतोय. मी आत गेलो आणि दार लावलं. बराच वेळ तो ओट्यावर होता. मग चपलांचा आवाज आला.

ती कावीळ होती. उन्हाळा लागायच्या आत तो गेला. मी त्याला खांदा दिला. आता तो हसत नव्हता, त्यामुळे मला उतरवावं लागलं नाही.

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक रुसून उठलं की विकणारा त्याला तीनदा हाक मारतो. शहाणं गिऱ्हाईक तिसऱ्या हाकेला मागे फिरतं. मला वाटलं होतं, माणूस भाऊ आहे, चौथी मारेल, आणि तेव्हा मी माझ्या भावात मिटवीन.

चूक त्याचीच होती, हे मी आजही म्हणतो. हसायचं नव्हतं त्याने. बाकी वाशिम-रिसोडच्या बाजारात अजून म्हणतात, किसन हेड्याला सौद्यात कोणी हरवलं नाही. बरं आहे. त्यांनी फक्त बैलांचे सौदे पाहिलेत.