खीर, गॅस आणि माझी लांबलचक प्रार्थना

मला चारचौघांत प्रार्थना करता येत नाही, असं अजून तरी कोणी माझ्या तोंडावर म्हटलेलं नाही.

आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. डॉक्टर म्हणत होते, "आजी, वॉकर सोडा आता, बिनधास्त चाला!" पण आईने पडण्याची अशी धास्ती घेतलेली, की वॉकरशिवाय एक पाऊल टाकेल तर शपथ! आम्ही विनवण्या करून थकलो. शेवटी ठरलं, चर्चमधल्या मंडळींना गोरेगावच्या घरी बोलवायचं, आभार-प्रार्थना ठेवायची आणि आईसाठी थोडं धैर्य मागायचं.

आईच्या आवडीची शेवयांची खीर हवीच. मी सकाळीच आरे कॉलनीतल्या तबेल्यातून चार लिटर दूध आणलं. संध्याकाळी हॉलमध्ये वीस माणसं दाटीवाटीने बसली, आणि ऐन वेळी कागदी वाट्या कमी पडल्या. माझी बायको रूथ पिशवी घेऊन दुकानात निघाली.

"खीर मंद गॅसवर आहे. दहा मिनिटांनी बंद कर. लक्षात राहील ना?"

"रूथ, मी काय लहान आहे का?"

(यावर तिने फक्त चपला घातल्या. तिचा संयम मोठा.)

गाणी आणि बायबलमधल्या वचनाचं वाचन तोवर झालंच होतं. मग गायकवाडकाकांनी प्रार्थना केली. काय ती प्रार्थना! बायका डोळे पुसू लागल्या. तेवढ्यात आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "शेवटची प्रार्थना सुनीलभाऊ करतील."

झालं! काकांपेक्षा कमी पडून कसं चालेल? मी थेट आकाश आणि पृथ्वीच्या निर्मितीपासून सुरुवात केली. नोहा आटोपला, अब्राहाम आटोपला. मोशेला घेऊन तांबड्या समुद्राच्या काठावर पोचलो आणि नाकात करपट वास शिरला.

वाट लागली! मी खिडकीपाशी, स्वयंपाकघर पार दुसऱ्या टोकाला, मध्ये डोळे मिटलेली वीस माणसं. प्रार्थना मध्येच तोडायची नाही, ही आईची लहानपणापासूनची शिकवण. डोळे उघडले तर ती चिमटा काढायची. (तिचेही डोळे मिटलेलेच असायचे, मग तिला कळायचं कसं?) मग मी एकच मार्ग धरला.

"हे प्रभू," मी आवाज चढवला, "आमच्या स्वयंपाकघरात गॅस चालू आहे!"

"आमेन!" मंडळी म्हणाली.

"तो कोणीतरी बंद करावा, प्रभू!"

"आमेन!"

"लगेच, प्रभू!"

"आमेन, आमेन!"

आमच्याकडे प्रत्येक वाक्याला आमेन म्हणायची पद्धत आहे. वाक्य ऐकायची नाही.

"प्रभू, तुला ठाऊकच आहे, स्वयंपाकघराच्या दाराशीच गायकवाडकाका बसलेत! ते नुसते उठले तरी..."

"आमेन!" सगळ्यात आधी काकाच म्हणाले, तेही दोन्ही हात वर करून!

आता मी रडायच्या बेतात. इतक्यात आतून भांडं आदळल्याचा आवाज आला. मी एक डोळा उघडला. आईची खुर्ची रिकामी! वॉकर खुर्चीशेजारी जसाच्या तसा!

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात सांडशी.

"अरे बाबा, देवाला पत्ता सांगत बसण्यापेक्षा स्वतः उठायचं ना!"

सगळ्यांचे डोळे उघडले. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "आजी... वॉकर?"

आईने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. मग वॉकरकडे. मग पुन्हा पायांकडे. आणि सांडशी तोंडावर धरून अशी हसली, की मला रडूच कोसळलं. इतके दिवस मला वाटत होतं, आई आता अशीच बसून राहणार. दारात आलेल्या रूथला काही कळेना. ती आधी खीर बघायला धावली, मग आईच्या गळ्यात पडली. खालची करपलेली टाकून वरची खीर सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ली.

पुढच्या रविवारी आई वॉकरशिवाय चर्चमध्ये पुढे गेली आणि साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभी राहिली.

"डॉक्टरांच्या हातून प्रभूने मला नवे गुडघे दिले," ती म्हणाली, "पण मी काही उठेना. मग त्याला आठवलं, हिला आपण एक बावळट माणूसही देऊन ठेवलाय. त्याचा त्याने बरोबर उपयोग केला!"

अख्खी मंडळी हसत हसत टाळ्या वाजवू लागली. आईला तसं ताठ उभं पाहून मला इतका आनंद झाला होता, की सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवल्या. तो बावळट माणूस कोण, हे मला घरी आल्यावर रूथने समजावून सांगितलं.