शेख मॅडमच्या फोनला माहीत असलेले शब्द

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. चार जुने सहकारी एका पंगतीत बसले की एक जण एक गोष्ट सांगतो, दुसरा म्हणतो, "अर्धीच सांगितली तुम्ही," आणि तिसरा ती तिसऱ्याच माणसाच्या नावावर खपवतो. मागे मुलचेऱ्याला एका लग्नात आमच्या जुन्या शाळेतले आम्ही काही जण असेच भेटलो. वरण वाढून होईपर्यंत शेख मॅडमच्या फोनवरच्या त्या खेळाचा विषय निघाला, आणि मठ्ठा येईपर्यंत तो संपला नव्हता. म्हणून म्हटलं, कोणी माझ्या गोष्टी दुसऱ्याच्या नावावर लावण्याआधी मीच लिहून टाकतो.

शाळेच्या गावात मोबाइलचा टॉवर येऊन वर्ष-दीड वर्षच झालं होतं तेव्हा. दोन हजार सात-आठचा सुमार. मी बोरकुटे, शाळेत गणित शिकवायचो. शिवणकाम शिकवायला शेख मॅडम होत्या, चंद्रपूरच्या. त्यांचे वडील शिंपी आणि भावाचं तिथेच मोबाइल दुरुस्तीचं दुकान. दिवाळीच्या सुट्टीनंतर मॅडम परतल्या त्या रंगीत पडद्याचा फोन घेऊन. भावाने त्यात एक खेळ टाकून दिला होता. इंग्रजी अक्षरं जोडून शब्द करायचा. खेळाडू दोन, पण फोन एकच. आपला शब्द लावायचा आणि फोन समोरच्याच्या हातात द्यायचा.

मधल्या सुट्टीत मॅडमनी विचारलं, "बोरकुटे सर, खेळता काय? याले दुसरा मानूस लागते."

मी बसलो. सात अक्षरं आली. मी मोठ्या कष्टाने एक शब्द मनात जुळवला. खाली कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘पास’. मला वाटलं, शब्द झाला की हे दाबायचं. दाबलं. फोन मॅडमकडे दिला. त्यांनी काहीतरी लावलं, फोन परत माझ्याकडे. मी पुन्हा ‘पास’. असं सहा-सात वेळा झालं. मनात म्हटलं, सोपा आहे खेळ, एकदाही अडलो नाही.

डाव संपला तेव्हा मॅडमचे चौऱ्याण्णव गुण होते आणि माझे शून्य.

"असं काऊन झालं?" मी विचारलं.

मॅडमनी शांतपणे फोन पुसला. "सर, पास म्हणजे पाळी सोडली. तुम्ही दर खेपेस पास होऊन राह्यले, म्हणून तर नापास झाले."

* * *

दुसऱ्या दिवशी ही बातमी वासेकर सरांपर्यंत गेली. वासेकर सर इंग्रजीचे. नागपूरला शिकलेले, वीस वर्षांची नोकरी, आणि वर्गात मराठीचा एक शब्द आला तरी कपाळावर आठी. ते म्हणाले, "गणिताच्या माणसाने खेळावं असा तो खेळ नाही. आणा इकडे."

सगळा स्टाफ भोवती जमला. सरांनी पहिल्याच पाळीला सहा अक्षरी शब्द लावला. आम्ही माना डोलावल्या. मॅडमनी एका कोपऱ्यात दोन अक्षरं लावली. सरांनी पाच अक्षरी लावला. मॅडमनी परत दोन. त्यांची दोन अक्षरं जिथे बसायची तिथे रंगीत घर असायचं, आणि त्या घरात गुण तिप्पट. अर्ध्या तासात सर तीस गुणांनी मागे पडले.

मग मॅडमनी ‘ए’ लावला आणि त्याच्या पुढे आणखी एक ‘ए’.

सर म्हणाले, "हा शब्द नाही."

फोन म्हणाला, आहे.

"याचा अर्थ काय?" सरांनी फोनला नाही, मॅडमना विचारलं.

"मले नाई माहीत."

"मग लावला कसा?"

मॅडमनी पिशवीतून एक वही काढली. पोरींच्या गणवेशाच्या मापांची वही. पुढून छाती, कंबर, बाही. मागून उलटी केली तर दोन-दोन अक्षरांच्या जोड्या, ओळीने. काहींवर बरोबरची खूण, काहींवर काट. "चुकलं तर फोन रागवत नाई सर, फक्त नाई म्हनते. मी सुट्टीभर एक-एक जोडी टाकून पाह्यली. जे घेतलं ते लिहून ठेवलं."

"अर्थ न बघता?"

"अर्थ फोन विचारतच नाई ना."

सरांनी त्या दिवशी डाव तिथेच सोडला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या आधीच ते स्टाफरूममध्ये होते, समोर शाळेचा जाडा शब्दकोश. आल्या आल्या मॅडमना म्हणाले, "मॅडम, तो तुमचा दोन ‘ए’चा ‘आ’. तो ज्वालामुखीतून निघालेला खडबडीत दगड असतो. कुठल्याशा बेटावरच्या लोकांचा शब्द आहे." मग जरा थांबून, "वही द्याल का? बाकीचेही बघतो."

वासेकर सरांच्या घरचं कोणी हे वाचत असेल तर माफ करा, पण त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितलं होतं. वीस वर्षं मुलांना शब्दकोश वापरा म्हणून सांगितलं, आणि पानामागून पान वाचला तो त्या हिवाळ्यात पहिल्यांदा.

* * *

नंतर एक नवीनच नाद लागला. आपले कोणते शब्द फोनला माहीत आहेत ते बघायचं. खेळ बाजूलाच राहायचा. ‘साडी’ घेतली. ‘धोती’ घेतली. ‘घी’ घेतलं तेव्हा मला उगाचच बरं वाटलं. ‘मोहा’ नाही घेतला. ‘तेंदू’ नाही घेतला. जंगलातून वेचलेल्या ज्या दोन गोष्टींवर अर्धा जिल्हा उन्हाळा काढतो, त्याच त्याला ठाऊक नव्हत्या.

एकदा माझ्या अक्षरांकडे आत्राम सर मागून बघत होते. आत्राम सर आमचे खेळाचे शिक्षक, एटापल्लीकडचे. गोंडी त्यांची घरची भाषा. स्वतः कधी खेळायचे नाहीत, म्हणायचे, "मी मैदानाचा मानूस." पण त्या दिवशी बोट दाखवून म्हणाले, "हे पाच असे लावून पाहा. वनखात्याच्या एका साहेबासोबत जंगलात फिरलो होतो, तो हा शब्द सारखा म्हने."

मी लावले. डी, एच, ओ, एल, ई. फोनने घेतला.

"ढोल?" मी म्हटलं.

"ढोल नाई. रानकुत्रा."

वासेकर सरांनी लगेच शब्दकोश ओढला. सापडला. झुंडीने शिकार करणारा तांबूस रानकुत्रा. त्यांनी मोठ्याने पुढचं वाचलं, "शब्दाचं मूळ अज्ञात." मग चष्मा काढून म्हणाले, "बघा, एवढ्या विद्वानांना पत्ता लागला नाही, आला कुठून हा."

आत्राम सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते. "आता कुठून आला ते नाई माहीत सर. पन काल संध्याकाळी पुलाजवळ चार होते."

* * *

हा खेळ हेडसरांपासून लपवलेला होता. लपवलेला म्हणजे, त्यांची पावलं वाजली की फोन मापांच्या वहीखाली जायचा. हेडसर वाईट माणूस नव्हते, पण एकलकोंडे. बायको-मुलं ब्रह्मपुरीला, हे इथे खोली करून. डबा केबिनमध्ये एकटेच खायचे. आम्ही समजायचो, साहेबपणा आहे.

एका दुपारी त्यांची पावलं वाजलीच नाहीत. चपलेचा अंगठा तुटला म्हणून ते अनवाणी आले होते. बघतात तर मी आणि मॅडम फोनवर वाकलेले.

"काय आहे हे?"

मॅडमनी खरं ते सांगितलं. हेडसरांनी हात पुढे केला, फोन घेतला आणि निघून गेले. मॅडमचा चेहरा उतरला. भावाने दिलेला फोन, शिवाय मेमो निघाला तर नोकरीवर डाग. मी म्हटलं, "मी सांगतो, मीच खेळायला लावलं." त्या म्हणाल्या, "राहू द्या सर. तुम्ही तर तिथंबी पास म्हनसान."

पाऊण तासाने शिपाई आला. "मॅडम, तुमाले साहेबानं बलावलं."

मॅडम गेल्या. मी दाराबाहेर थांबलो. मग हेडसरांचा आवाज आला, अगदी हळू, "मॅडम, मी माझा शब्द लावला. आता हा म्हणतो, फोन दुसऱ्याला द्या. इथे दुसरा कोण आहे?"

पुढच्या सोमवारपासून हेडसर डबा घेऊन स्टाफरूममध्ये यायला लागले. त्यांच्या डब्यातलं लोणचं इतकं चांगलं असेल असं आम्हाला पाच वर्षांत कळलं नव्हतं.

* * *

मंडलबाबू आमचे क्लार्क. मुलचेऱ्याच्या आसपास बंगाली लोकांची गावं आहेत, तिथलेच. त्यांचे वडील लहान लेकरांसह पूर्व बंगालातून आले, छावणीत राहिले, मग सरकारने इथे जमीन दिली तेव्हापासून धान लावायचे. त्या वर्षी मंडलबाबूंची आई वारली होती, आणि तेव्हापासून म्हातारा बोलेनासा झाला होता. भूक लागली तरी सांगायचा नाही.

त्या दिवशी त्यांनी वडिलांना डोळे दाखवायला दवाखान्यात आणलं होतं. डॉक्टर दुपारून येणार होते, म्हणून बाबांना स्टाफरूममध्ये बाकावर बसवलं. म्हातारा भिंतीकडे बघत बसला. आम्ही मंडलबाबूंचं मन रमावं म्हणून त्यांना डावात घेतलं. समोर शेख मॅडम.

मंडलबाबूंनी चार अक्षरं लावली आणि आपल्याशीच म्हणाले, "जूट."

बाकावरून आवाज आला, "पाट?"

आम्ही सगळे वळलो. म्हातारा आमच्याकडे बघत होता. ताग, ज्याला ते पाट म्हणतात. त्याने बंगालीत काही विचारलं, मंडलबाबूंनी उत्तर दिलं, आणि मग म्हातारा बोलायला लागला. सुरुवातीला मंडलबाबू आम्हाला मराठीत सांगत होते. बाबा म्हणतात, ताग कापला की जुड्या बांधून पाण्यात बुडवायच्या. बाबा म्हणतात, कुजला की वास गावभर. म्हातारा उठून उभा राहिला. छातीला हात लावून दाखवलं, एवढ्या पाण्यात दिवसभर उभं राहायचं. दोन्ही हातांनी हवेतच साल ओढून काढली, लांब, एका झटक्यात.

मंडलबाबू सांगायचे थांबले. नंतर त्यांनी सांगितलं, तिकडचं काहीच बाबांनी घरी कधी काढलं नव्हतं. त्यांनाही हे सगळं पहिल्यांदाच कळत होतं.

बोलून झाल्यावर म्हातारा बसला. घाम पुसला. मग फोनकडे बोट करून लेकाला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?" मॅडमनी विचारलं.

"त्या शब्दाचे किती भेटले, विचारतात." मंडलबाबूंनी पडदा बघितला आणि वडिलांना बंगालीत सांगितलं, अकरा.

म्हाताऱ्याने मान हलवली. मराठी त्याला येत होती, कमी बोलायचा एवढंच. आमच्याकडे बघून म्हणाला, "कमी दिले."

* * *

एका शनिवारी, मॅडमनी सहज विचारलं, "वासेकर सर, गोंडीत असा खेळ बनवता येईन काय?"

सर पेपर तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "कसा बनवणार? बोलीभाषा ती. कोश कुठे आहे? जो कोशात नाही तो शब्द धरायचा नाही, खेळाचा नियमच आहे."

आत्राम सर दाराशी उभे होते. त्यांनी शिट्टी खिशात ठेवली आणि मैदानाकडे गेले.

सोमवारी ते स्टाफरूममध्ये आले नाहीत. मंगळवारीही नाही. डबा मैदानाच्या कडेला, रोलरवर बसून खायचे. सही करायला यायचे, नमस्कार करायचे, जायचे. बोलणं गोडच, पण लांबून. आठ दिवस झाले. वासेकर सरांना पहिले दोन दिवस कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी मला विचारलं, "माझ्या तोंडून काही गेलं का?" मी सांगितलं. सर बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसले.

मग उठले, मॅडमकडून फोन मागून घेतला आणि भर उन्हात मैदान ओलांडून गेले. सरांना आम्ही मैदानावर कधी बघितलं नव्हतं. मी आणि मॅडम मागोमाग गेलो. सर रोलरजवळ पोचले, जरा धाप लागली होती.

"आत्राम सर, माझं चुकलं. बसू का?"

आत्राम सर सरकले. "बसा ना."

"एक डाव खेळाल? माझ्याशी?"

आत्राम सरांनी फोनकडे बघितलं, मग सरांकडे. हात पँटला पुसले आणि फोन घेतला. पहिली पाळी त्यांची. त्यांनी खूप वेळ घेतला. वासेकर सर, जे कुणालाही अर्ध्या मिनिटात शब्द सुचवायचे, ते गप्प बसून होते. शेवटी आत्राम सरांनी तीन अक्षरं लावली. पी, ई, एन. फोनने शब्द घेतला. पाच गुण.

वासेकर सरांचा चेहरा सैल झाला. "पेन. वा. लहान पण नेटका शब्द."

"हा लिहाचा पेन नोहे, सर."

"मग?"

"आमच्या गोंडीत पेन म्हंजे देव."

वासेकर सरांनी फोन हातात घेतला. तीन अक्षरांकडे बघत राहिले. मग हळूच विचारलं, "पण मग फोनने यातला कुठला धरला?"

आत्राम सरांनी डब्याचं झाकण लावलं.

"गुण तर दिले त्यानं. तुमची पाळी आहे."