पैऱ्याचा गोलकी

आमच्या सांगलीच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमला कमकुवत टीमशी खेळता येत नसे. कोल्हापूरकडची दांडगी पोरं समोर आली की आम्ही तीन-चार गोल खायचो, अंग झाडायचो आणि निमूट घरी यायचो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. पण समोर एखादं आडगावचं नवं कॉलेज उभं राहिलं की आमच्यातल्या प्रत्येकाला वाटायचं, आज गोल मीच मारणार. मग कुणी कुणाला बॉल द्यायचा नाही. फॉरवर्ड पुढं, बॅक त्यांच्याही पुढं, आणि बॉल मागं. असल्या मॅचा आम्ही रडतखडत एका गोलानं जिंकायचो, नाहीतर बरोबरीत सोडवून पंचाला शिव्या देत परत यायचो. हे सगळं मी बाहेर बसून बघायचो, कारण मी राखीव गोलकीपर होतो. दोन वर्षं मी त्या टीमच्या चपला आणि घड्याळं सांभाळली.

कप्तान हळदीच्या एका बड्या व्यापाऱ्याचा मुलगा होता. तो मोज्यात कंगवा खोचून मैदानात उतरायचा आणि हाफटाइमला पाण्याच्या आधी भांग पाडायचा. पहिला गोलकीपर त्याचा जिगरी दोस्त. म्हणजे माझा नंबर कधी लागणार, हे कुणी ज्योतिष्यानं सांगायची गरज नव्हती.

तिसऱ्या वर्षी मात्र मी स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता. आमची उसाची जमीन चुलते बघायचे आणि वडील फौजेत होते. त्यांना मी पत्रातून कळवलं होतं की मी कॉलेजच्या टीमचा गोलकीपर आहे. 'राखीव' हा शब्द तेवढा लिहिला नव्हता. वडिलांनी ते पत्र आपल्या साऱ्या पलटणीत वाचून दाखवलं. आणि त्या थंडीत त्यांचं उत्तर आलं, सुट्टी मंजूर झालीय, साताऱ्याला तुमची मॅच आहे म्हणतोस ती बघायलाच येतो.

मी खेळाच्या सरांकडं गेलो आणि खरं ते सगळं सांगून टाकलं. साताऱ्याला एवढा एकदा उतरवा म्हणालो. सर म्हणाले, "बघू." सरांचं 'बघू' म्हणजे नाही, हे आख्ख्या हॉस्टेलला ठाऊक होतं.

साताऱ्याच्या मॅचला आठ दिवस असताना सरांनी पाटणला एक सरावाची मॅच ठरवली. तिथलं कॉलेज नवं, टीम त्याहून नवी. "दहा-बारा गोल मारून येऊ, पोरांचं मन खुलेल," असं सर कराडच्या स्टँडवर गाडी बदलताना म्हणाले. टीमनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पाटणचं मैदान एका अंगाला उतरतं होतं. गोलाचे खांब बांबूचे, वरती आडव्या बांबूऐवजी जाड दोराचा सोल बांधलेला. त्यांची पोरं अनवाणी. तरी पायाला कापड गुंडाळून, बंड्या खोचून सगळी ओळीत उभी होती. होती मात्र दहाच. त्यांचा गोलकीपर आदल्या दिवशी भरतीला गेला होता, तो परत आलाच नव्हता. त्यांचे सर आमच्या सरांना म्हणाले, "आवं सर, तुमच्याकडं दोन गोलकी हायती. एक पैऱ्याला द्या की."

आमच्याकडं ज्याच्या गोठ्यात एकच बैल असतो तो दुसऱ्या एकबैल्याशी पैरा करतो. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आमचे सर हसले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "घ्या हा." बाजारात पिशवी पुढं करावी तसं त्यांनी मला पुढं केलं.

मी त्या बांबूंच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. माझ्या पुढं त्यांचा फुलबॅक होता, काळासावळा, बुटका, मानेनं रेड्यासारखा. तो वळून म्हणाला, "पाव्हणं, तुमी फकस्त हाक मारा. उजवीकडनं आला तर 'उजवा' म्हणा, डावीकडनं आला तर 'डावा'. बाकी आमी बघतो." दोन वर्षांत मला टीममधल्या कुणी काही काम सांगितलं असेल, तर ते पाण्याची बादली आणायचं. मी घसा ताणून हाका मारायला लागलो.

आणि मग दिसलं, आमची टीम समोरून कशी दिसते ते. बाहेर बसून तिचा कंटाळा यायचा, समोरून शिसारी आली. आमचा राइट आउट त्या पोरांचा हात न लागताच कोलांटी खायचा आणि पंचाकडं बघून विव्हळायचा. कप्तानानं फुलबॅकच्या बरगडीत कोपर घातलं आणि वर म्हणाला, "गावंढळ साले, पायात आधी घाला काहीतरी." फुलबॅक बंडी खाली ओढून पुन्हा जागेवर उभा राहिला. ती पोरं सगळं अंगावर घेत होती, छातीवर, पोटावर, एकानं तर तोंडावर. त्यातून सुटलेले सात-आठ बॉल मी धरले. एक तर असा झेपावून धरला की दगडावर हनुवटी फुटली. पाटणची पोरं धावत आली, कुणी बंडीच्या टोकानं रक्त पुसलं, कुणी "लय भारी, गड्या!" म्हणून पाठ थोपटली. एवढा आनंद मला त्या कॉलेजात कधी झाला नव्हता. शून्य-शून्य. मॅच संपायला दहाएक मिनिटं उरली होती आणि आमची टीम एकमेकांच्या आईबापांचा उद्धार करत होती.

तेव्हा सर मैदानाला वळसा घालून माझ्या गोलामागं आले. आधी वाटलं, हनुवटी बघायला आले.

"साताऱ्याला तुझे वडील येणार आहेत ना रे?" त्यांनी हळूच विचारलं.

"व्हय सर."

"मग त्यांना तू गोलात दिसायला नको का? दिसशील. मी शब्द देतो. आता एक जाऊ दे. पोरांचं धैर्य खचायला लागलंय."

एवढं बोलून ते खिशातून शिट्टी काढून पुसत परत गेले. कुणाला शंकासुद्धा यायची नाही.

मी विचार केला असं म्हणणं खोटं होईल. वडिलांचा इस्त्रीचा गणवेश डोळ्यांपुढं आला आणि बस्स. दोन-तीन मिनिटांनी कप्तानाकडं बॉल आला. त्यानं मारला तो धड लागलाच नाही, घरंगळत आला. एखाद्या म्हातारीनं तो पदरात धरला असता. मी हाक मारली नाही. जरा थांबलो आणि मग दुसऱ्याच बाजूला अंग टाकलं. बॉल बांबूंमधून आत गेला आणि मागच्या गवतात थांबला.

कप्तान दोन्ही हात वर करून अर्धं मैदान पळत सुटला. बाकीचे त्याच्या अंगावर पडले. दहा अनवाणी पोरांना एक गोल, तोही भीक म्हणून मिळालेला, आणि यांना वाटत होतं जग जिंकलं. मला त्यांची किळस आली, सरांची आली, आणि तोंडात माती घेऊन तिथं जो पालथा पडला होता त्या माणसाची, म्हणजे माझी स्वतःची, सगळ्यात जास्त आली.

मॅच एक-शून्य अशी संपली. त्यांनी आम्हाला कॉलेजच्या पडवीत बसवून पोहे दिले. त्यांच्या सरांनी माझ्या हनुवटीला हळद लावली. पोरं माझी समजूत काढत होती. "आवं, हुतंय. बॉल फिरला त्यो. तुमी हुता म्हणून एकावर भागलं." मी मान खाली घालून पोहे चिवडत बसलो. फुलबॅक तेवढा लांब नळावर पाय धूत होता.

गाडी सुटायच्या वेळी तो खिडकीपाशी आला. माझा स्वेटर गोलापाशी राहिला होता, तो त्यानं आत दिला.

"तुमच्या सरास्नी मी मागं उबं बघितलं," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "पैऱ्याचा बैलबी मधीच नांगराच्या तासात बसत न्हाई, पाव्हणं."

मी स्वेटर मांडीवर घेतला. शेजारच्या सीटवर कप्तान भांग पाडत आपला गोल तिसऱ्यांदा सांगत होता.

सरांनी शब्द पाळला. साताऱ्याला मी गोलात उभा होतो आणि वडील गणवेशात, त्यांच्या पलटणीतल्या एका सुभेदारांना घेऊन, पहिल्या रांगेत. समोरची टीम लिंबूटिंबू आणि आमची नेहमीसारखी नादान. मॅच शून्य-शून्य सुटली. माझ्याकडं तीन बॉल आले, तिन्ही पोटात धरले.

वडील मैदानात आले. त्यांनी मला कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही, त्या दिवशी घेतलं.

"आज एकबी न्हाई," ते म्हणाले. "बरं, औंदा सगळं धरून किती गोल झालं रं तुज्यावर?"

खोटं बोलायची गरजच नव्हती.

"एकच," मी म्हणालो.

"एकच?" त्यांचा चेहरा असा फुलला की मला तिकडं बघवेना. त्यांनी वळून मोठ्यांदा हाक मारली, "सुभेदार, ऐकलं का? आख्ख्या सालात पोरावर एकच गोल झालाय. एकच!"

सुभेदार पुढं आले आणि त्यांनी माझा हात हातात घेऊन जोरात हलवला. मी तो काढून घेतला नाही.