गाळलेली तळटीप

तुम्ही कुणाला मोठ्याने वाचून दाखवता, तेव्हा काय गाळायचं हे कोण ठरवतं?

पनवेलमध्ये तीन वर्षं हे मी एकटीनेच ठरवत होते, आणि मला ते खटकलंही नव्हतं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आमच्या गल्लीत एक ताई राहायच्या. जन्मापासून अंध. एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होत्या आणि नोकरी सांभाळून इतिहासात एम.ए. करत होत्या. त्यांच्यासाठी मी पुस्तकं कॅसेटवर वाचायचे. रविवारी दुपारी खिडकीवर गोधडी टांगायची, पंखा बंद करायचा आणि टेपरेकॉर्डरची दोन बटणं एकदम दाबायची. गोधडीच्या फटीतून कर्नाळ्याचा सुळका दिसायचा, उन्हात विरघळत चालल्यासारखा. थोड्या वेळाने वाटायचं, खोली पाण्याखाली गेली आहे आणि वर फक्त माझा आवाज तरंगतो आहे. स्टँडवरच्या एसटीचा हॉर्नही कुठल्या तरी दुसऱ्या गावातून यायचा.

तळटीपा मी वाचत नसे. माझं बालपण पत्रकांवर गेलं. वडील युनियनचे, घरात जिथे तिथे गठ्ठे. पत्रकाला तळटीप नसते. म्हणायचं ते ठळक अक्षरात म्हणायचं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात बोलणारा माणूस मला भित्रा वाटायचा.

एका रविवारी ताई मला निबंध सांगत होत्या आणि मी लिहून घेत होते. बुधवारी तो द्यायचा होता. विषय जंगल सत्याग्रहाचा. डोंगरापलीकडच्या त्यांच्या गावातही तो झाला होता, लाठ्या चालल्या होत्या, आणि त्यांचे आजोबा त्या गर्दीत होते.

"लिही," त्या म्हणाल्या, "जमावाने आधी दगडफेक केली."

माझा हात थांबला. "पण तुमचे आजोबा तर..."

"आजोबा सांगायचे, दगड कुणी उचललाच नाय. पण म्हाताऱ्याच्या आठवणीला परीक्षक काय मार्क देणार? पुस्तकात हाय ना. तूच वाचलंस, एवढं ठणकावून."

पान क्रमांक लिहायला मी पुस्तक उघडलं. त्या वाक्याच्या शेवटी एक चांदणी होती. तळाशी छापलं होतं: हे विधान केवळ लाठीमाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याच्या अहवालात आढळते, अन्य एकाही साक्षीत नाही.

मी ते वाचून दाखवलं. ताईंनी ते मला पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"अशा किती हायत?"

"पुस्तकभर."

"आणि तू सरकारला शिव्या घालतेस, कागद दाबतात म्हणून." मग हळू आवाजात म्हणाल्या, "मी माझ्याच निबंधात आजोबांना खोटं पाडत होते गं."

मी सारवासारव केली. म्हटलं, मध्येच टीप आली तर तुमची तंद्री मोडेल असं वाटलं.

"मोडू दे. ऐकायची की पुढे पळवायची, ते माझं मी बघीन. तू आहे ते सांग."

त्याच दुपारी आम्ही ते प्रकरण कॅसेटवर पुन्हा भरायला घेतलं. चांदणी आली की मी तिथेच टीप वाचायचे आणि वाक्याचे दोन तुकडे व्हायचे. मग ताईंनीच रीत घालून दिली. आधी वाक्य पुरं करायचं. नखाने टेबलावर दोनदा टकटक. टीप वाचायची. एकदा टकटक, की परत वर. ती टकटक ऐकता ऐकता मला वाटू लागलं, पानाच्या तळघरात माणसं राहतात आणि इतकी वर्षं ती आतून दार वाजवत होती.

बुधवारी निबंध गेला. त्यात लिहिलं होतं, दगडफेक झाल्याचे एकटा अधिकारी म्हणतो. पुढच्या वाक्यात आजोबा होते, साक्षीदार म्हणून.

तुमच्या ओळखीत कुणी अंध वाचक असेल, तर त्याला काय ऐकायचं आहे ते या आठवड्यात विचारा. टीपा कशा वाचायच्या, हेही त्यालाच विचारा. आणि मग पान अगदी खालपर्यंत वाचा.