परीक्षेत न येणारा प्रश्न

देवासच्या शाळेत मी जन्मभर विज्ञान शिकवलं. शिकवायचो हिंदीत, चिडायचो मराठीत. पोरांना दोन्ही कळायचं. चिडका म्हणून माझा लौकिक होता आणि मला त्याचा माजही होता. पण उत्क्रांतीचा धडा आला की हा चिडका मास्तर शेपूट घालायचा.

कारण सांगतो. एका वर्षी एका मुलाचे वडील स्टाफरूममध्ये येऊन ओरडले, “क्यों माटसाब, हमारे दादा-परदादा बंदर थे क्या?” हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं. “भिया, काहे को झंझट?” झालं! तेव्हापासून दरवर्षी मी धडा उरकताना म्हणायचो, “ये तो बस थ्योरी है. याद कर लो, मानना जरूरी नहीं.”

मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. विज्ञानात थ्योरी म्हणजे कुणाच्या मनात आलेला अंदाज नव्हे. ढीगभर पुराव्यांचा अर्थ लावणारी, पुढं काय सापडेल ते आधी सांगणारी, आणि खोटी पाडायला टपलेल्यांपुढं टिकलेली ती मांडणी. नवा पुरावा आला तर ती सुधारतात. कुणाला आवडली नाही म्हणून सोडत नाहीत. जंतूंमुळे रोग होतात हीसुद्धा थ्योरीच, आणि तिच्याच भरवशावर डॉक्टर हात धुतात. एवढं सांगायला पाच मिनिटं लागली असती.

एकदा टोंकखुर्दहून बसनं येणारी एक मुलगी उभी राहिली. “सर, फिर सच क्या है?”

“परीक्षा में नहीं आएगा, बैठो,” मी खेकसलो. ती बसली.

तीच मुलगी आता धारकडं, अमझेऱ्याला विज्ञान शिकवते. मागच्या गुरुपौर्णिमेला तिनं मला वर्गात बोलावलं. शाल, श्रीफळ, वाकून नमस्कार. मी आपला फुगून बसलो. मग ती मुलांना म्हणाली, “आज वही पाठ है. हमारे सर कहते थे, ये तो बस थ्योरी है, मानना जरूरी नहीं.” शब्द माझे, हेलसुद्धा माझा. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक पोरगी उठली. “मैडम, कीटाणु वाली बात भी तो थ्योरी है. फिर हाथ धोना भी जरूरी नहीं?”

शाबास गं! “सर बताएँगे,” म्हणत तिची बाई कौतुकानं माझ्याकडं वळली. खरं उत्तर द्यायचं तर वर्गासमोर बाईला चूक म्हणावं लागणार होतं, आणि ती चूक माझी आहे हेही कबूल करावं लागणार होतं. खांद्यावर शाल होती, मांडीवर नारळ होता. मी घसा खाकरला.

“अच्छा सवाल है बेटा, पर परीक्षा में नहीं आएगा.”

वर्ग हसला. पोरगी खाली बसली. तिची बाई मात्र हसली नाही. ती त्या पोरीपाशी गेली आणि म्हणाली, “हाथ तो धोना ही है. बाकी मुझे ठीक से नहीं पता. पढ़कर आऊँगी, कल बताऊँगी.”

नारळ मी घरी आणला. फोडायची अजून लाज वाटते.